हॅमॉकच्या पट्ट्यावरून आत येणारं पावसाचं पाणी कसं थांबवायचं?

घाटमाथा (धागाकर्ता)

मंडळी, पावसात हॅमॉक (दोन झाडांमध्ये बांधायचा कापडी झुला) टांगणारे कोणी असतील तर सांगा.

आंबोलीच्या अलीकडे मित्राची काजूची बाग आहे. जुलैत तिथे हॅमॉक लावून रात्र काढली. काजू सगळे वाकडेतिकडे, म्हणून बांधावरची दोन सरळ झाडं धरली. डोक्याकडे ऐन, पायाकडे नाणा, मध्ये सोळा फूट. हॅमॉक ९ फुटी, पॅराशूटच्या कापडाचा. एक इंची पॉलिस्टरचे पट्टे आणि स्टीलचे कॅराबिनर (उघडझाप होणाऱ्या कड्या). वर आपली नेहमीची निळी ताडपत्री, १२ बाय ९, बारा फुटांची बाजू लांबीला. म्हणजे हॅमॉकच्या दोन्ही टोकांपुढे दोन-सव्वादोन फूट छत होतंच.

पाऊस आंबोलीचा. वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या घरात पडणारा, त्यामुळे जास्त काही सांगायला नको. मध्यरात्रीनंतर बुडाखाली गार लागलं. टॉर्च मारून ताडपत्री तपासली. भोक नाही, वरून थेंब नाही, वाऱ्याकडची बाजू नीट खाली ओढलेली. हात फिरवत डोक्याकडे गेलो तर जिथे कापडाच्या चुण्या एकत्र येतात तो गठ्ठा पिळून काढावा इतका ओला. तिथून सळांमधून पाण्याची रेघ सरळ पाठीखाली. पायाकडे याहून वाईट.

म्हणजे पाणी पट्ट्यावरून आलं हे नक्की. प्रश्न दोन आहेत. ताडपत्रीबाहेर उघडा पट्टा जेमतेम दोन फूट आणि रुंदी इंचभर. त्यावर पडून पडून किती पाणी पडणार? आणि हे थांबवायचं कसं? पट्ट्याला प्लास्टिकची पिशवी गुंडाळून बघितली. पाणी पिशवीच्या आतून सरकत येतं.

---

सुतळीबॉम्ब

नाडी बांधा. परकराची. विषय संपला.

---

घाटमाथा

@सुतळीबॉम्ब, कुठे बांधू, कमरेला? (ह. घ्या.)

---

सुतळीबॉम्ब

ऑफिसात आहे. रात्री लिहितो. तोवर जळूवाली येतीलच, त्यांचा हा आवडता विषय.

---

जळूवाली

आले.

सुतळीबॉम्ब यांचं बरोबर आहे, पण "नाडी बांधा" एवढ्यावर नऊ लोक बांधतात आणि त्यातले सात ओले होतात, कारण जागा चुकते.

आधी पाणी काय करतं ते बघू. पट्टा झाडापासून हॅमॉककडे उतरता असतो. पाणी पट्ट्याला चिकटून राहतं, बहुतेक खालच्या अंगाला, आणि उताराने सरकत जातं. वाटेत कुठे सुटून पडायला त्याला कारण मिळत नाही, म्हणून ते थेट हॅमॉकच्या गाठीपर्यंत जातं. तिथे कापड खाली वळलेलं असतं, मग आत उतरतं आणि सगळ्यात खोल जागी, म्हणजे तुमच्या बुडाखाली साचतं. त्याला अडवायला जाऊ नका. पिशवी, टेप, रबर, काहीही लावलं तरी ते बाजूने वाट काढतं. त्याला खाली जायला हॅमॉकच्या आधीच एक वाट द्यायची. घरात टीव्हीची केबल घेताना केबलवाला भिंतीच्या भोकाच्या आधी वायरीला खाली एक झोल ठेवतो ना, पाणी त्या झोलातून गळून जावं म्हणून? तेच इथे करायचंय. फक्त आपला पट्टा ताणात असतो, त्याला झोल देता येत नाही, म्हणून लोंबतं शेपूट बांधायचं.

वीतभर सुती नाडी घ्या. पट्ट्याभोवती दोन वेढे देऊन घट्ट गाठ मारा. सुती अशासाठी की ती पाणी ओढून घेते. वेढा चारी अंगांनी पट्ट्याला टेकलेला हवा. खालून सैल राहिला तर थेंब गाठीखालून निघून जातो. टोक मोकळं लोंबू द्या.

आता जागा. नाडी ताडपत्रीच्या आत हवी आणि हॅमॉकच्या बाहेर हवी. ताडपत्रीच्या कडेपासून चार-सहा बोटं आत. झाडाजवळ, उघड्यावर बांधली तर नाडीच्या पुढचा पट्टा पुन्हा भिजतो आणि ते पाणी आत येतं. आणि अगदी हॅमॉकच्या गाठीला बांधली तर वारा शेपूट उडवून कापडावर आपटतो, मग नाडीच पाणी आत सोडते.

तुमच्याकडे दोन-सव्वादोन फुटांची मोकळी जागा आहे. ती लाखमोलाची आहे. बऱ्याच जणांची ताडपत्री हॅमॉकएवढीच असते, त्यांना नाडी बांधायला जागाच उरत नाही.

---

लोखंडी_कडी

नाडीबिडी काही लागत नाही हो. मध्ये कॅराबिनर आहे ना? लोखंडातून पाणी झिरपत नाही. पट्टा संपला, कडी आली, पाणी तिथेच टपकलं. माझ्याकडे कायम असंच असतं आणि कधी ओला झालो नाही.

---

जळूवाली

@लोखंडी_कडी, धागाकर्त्यांकडेही स्टीलचे कॅराबिनर आहेत. पाणी आलंच.

कडीवर पाणी झिरपत नाही, पण वाहतं. भार आला की कडी पट्ट्याच्या रेषेत तिरकी ताणली जाते. मग तिचं सगळ्यात खालचं टोक कोणतं? जिथे हॅमॉकचा फास अडकवलाय तेच. थेंब कडीच्या पाठीवरून घसरत त्या टोकाला येतो आणि फासाला लागतो. रिमझिम असेल तर बरचसं पाणी वाटेत गळतं, हे मान्य. धो धो असेल तर नाही.

तुमच्याकडे बकल आहे का? पट्टा ओढून घट्ट करायचं?

---

लोखंडी_कडी

हो, दोन कड्यांचं बकल. उरलेला पट्टा खाली लोंबतो.

---

जळूवाली

मग तुमची नाडी तोच लोंबता पट्टा आहे! पाणी बकलपाशी आलं की उतरत्या शेपटाने खाली जातं. ते शेपूट कधी गुंडाळून वर खोचून बघा म्हणजे कळेल.

---

लोखंडी_कडी

बघतो. पण मी खोचत नाही त्यामुळे माझं चालूच राहील.

---

ऐनाची_साल

नमस्कार. वनखात्यात नोकरी केली, आता निवृत्त आहे. हॅमॉकात कधी झोपलो नाही, या वयात झोपणारही नाही. पण पहिल्या प्रश्नाचं उत्तर कोणी दिलं नाही म्हणून लिहितो.

दोन फूट उघड्या पट्ट्यावर पडून एवढं पाणी येत नाही हा धागाकर्त्यांचा संशय रास्त आहे. ते पाणी झाडाचं आहे.

झाडावर पडलेल्या पावसातला काही भाग पानांवरच राहून उडून जातो, बराचसा पानांतून गळून खाली पडतो आणि थोडा भाग फांद्यांवरून बुंध्याकडे येऊन सालीवरून जमिनीत जातो. हा तिसरा भाग टक्क्यांत लहान असतो. झाडानुसार एक टक्का, दोन टक्के, कधी पाचाच्या आसपास. पण तो एका जागी गोळा होतो हे महत्त्वाचं. हिशोब करून बघा. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी. झाडाचा विस्तार तीस चौरस मीटर धरला आणि रात्रभरात पन्नास मिलिमीटर पाऊस धरला तर झाडावर दीड हजार लिटर पडलं. त्याचे दोन टक्के म्हणजे तीस लिटर, बादलीपेक्षा जास्त, एका बुंध्यावरून उतरलं. आंबोलीला पन्नास मिलिमीटर ही शांत रात्र समजायची.

आता गंमत अशी की हे बुंध्यावरचं पाणी मोजायचं असेल तर अभ्यासक बुंध्याभोवती तिरकी पन्हळ गुंडाळतात आणि तिचं खालचं टोक डब्यात सोडतात. तुम्ही झाडाभोवती पट्टा गुंडाळून त्याचं खालचं टोक हॅमॉकात सोडता. फरक फक्त डब्याच्या जागी तुम्ही आहात एवढाच.

पायाकडे पाणी जास्त का आलं तेही यातच आहे. नाण्याची साल गुळगुळीत, ढलप्या निघून गेलेली. पाणी सरसर उतरतं. ऐनाची साल जाड आणि खोल भेगांची. ती आधी स्वतः पाणी पिते, मग सोडते. म्हणून पावसाच्या सुरुवातीला ऐन कोरडा वाटतो आणि रात्री उशिरा वाहायला लागतो. एकदा साल पूर्ण भिजली की मग त्यालाही थोपवता येत नाही.

बुंधा कलता असेल तर पाणी खालच्या अंगाला गोळा होतं. हॅमॉककडे झुकलेलं झाड टाळा, शक्य असेल तर.

---

घाटमाथा

@ऐनाची_साल, काका, हे भारी आहे. मध्यरात्रीपर्यंत कोरडा होतो आणि मग डोक्याकडून पाणी यायला लागलं, हे अगदी जुळतंय.

---

खोपोलीकर

पट्ट्याला मेण घासा. मेणबत्तीचं. किंवा सिलिकॉन स्प्रे मारा, रेनकोटला मारतात तो. पाणी शोषलंच नाही तर येईल कसं?

---

सुतळीबॉम्ब

@खोपोलीकर, नका हो. आलो आता घरी, सविस्तर लिहितो.

एक तर पॉलिस्टरचा धागा तसाही पाणी पीत नाही. पाणी असतं ते धाग्यांच्या मधल्या फटीत आणि पट्ट्याच्या अंगावर. मेण लावून फटी बुजल्या तरी अंगावरचं पाणी तसंच घसरत जाणार, उलट जास्त वेगाने. दुसरं म्हणजे बकल असो की गाठ, पट्टा धरून ठेवायला घर्षण लागतं. मेणाचा किंवा सिलिकॉनचा पट्टा बकलमधून सुळकन सरकला की माणूस ओला व्हायच्या आधी जमिनीवर. पट्ट्याला निसरडं काहीही लावू नये, पाऊस असो वा नसो.

आता नाडीबद्दल. मी घरी गॅलरीत करून बघितलंय, सोसायटीतले लोक वेड्यात काढतात पण चालतं. खिडकीच्या गजापासून कठड्यापर्यंत पट्टा ताणला, मोबाइलमधल्या अ‍ॅपने कोन ३० अंश केला, वरच्या भागावर झारीने पाणी सोडलं आणि खालच्या टोकाखाली स्टीलचं ताट ठेवलं. ताट अशासाठी की थेंब पडला की वाजतो.

नाडी नसताना पाणी पट्ट्याच्या खालच्या बाजूने मण्यांच्या रांगेत येतं. मणी सुटून पडत नाहीत. एक थांबला की मागचा त्याला गाठतो आणि दोघं मिळून पुढे. पट्ट्याला पीळ पडलेला असेल तर पिळाच्या जागी ते कडेवर येतात आणि तिथे काही गळतात, पण सगळे नाही.

मग नवी कोरी सुती नाडी बांधली. पहिल्यांदा चक्क पाणी गाठ ओलांडून ताटात! कारण नव्या नाडीला खळ असते, ती पाणी घेतच नाही. थेंब तिच्यावर मोत्यासारखे बसून राहतात. नाडी बादलीत चुरून, पिळून, ओलीच बांधली आणि खेळ बदलला. गाठीपाशी मणी येतो, नाडीत शिरतो, क्षणभर काही दिसत नाही, मग शेपटाच्या टोकाला थेंब फुगतो आणि पडतो. पुढे एकसारखी धार. ताट गप्प.

झारी जोरात सोडली तर मात्र एका नाडीला झेपत नाही. पट्ट्याच्या वरच्या अंगावरून पापुद्र्यासारखं पाणी गाठ ओलांडून जातं. दुसरी नाडी पहिलीच्या पुढे चार बोटांवर बांधली की ते जातं. आणि झारी बंद केल्यावरही पट्ट्याच्या आतल्या फटींतून ओल हळूहळू पुढे झिरपत राहते, ती पहिल्या नाडीला सापडत नाही. म्हणून दुसरी नाडी शक्यतो कॅराबिनरच्या अलीकडेच, पण शेपूट लहान, म्हणजे उडून कापडाला लागणार नाही.

सुतळी चालते का? चालते. पाणी छान धरते. पण चार पावसांत कुजून वास मारते. बुटाची लेस हल्ली बहुतेक पॉलिस्टरची आणि वरून गुळगुळीत, थेंब तिच्याशी ओळख न दाखवता पुढे निघून जातो. काथ्या चालला नाही, टणक असतो, पट्ट्याला सगळीकडून टेकत नाही. परकराची नाडी सर्वात उत्तम. आमच्या घरात यावरून जे बोलणं झालं ते इथे लिहीत नाही.

---

मीनाक्षी_कर्वेनगर

परकरातून ओढलेली नाडी का? मग बोलणं होणारच.

---

सुतळीबॉम्ब

विकत आणली नंतर. गुंडीच.

---

सरळमार्गी

मला एक कळत नाही. पट्टा आडवाच ठेवला, उतार दिलाच नाही, तर पाणी हॅमॉककडे जाईलच कशाला? मध्येच कुठेतरी गळून पडेल.

---

लोखंडी_कडी

जाईल गळून, पण पट्टाही जाईल. पट्ट्याचा आडव्याशी कोन ३० अंश असेल तर ८० किलोच्या माणसासाठी प्रत्येक पट्ट्यावर ८० किलोच ताण येतो. कोन १५ अंश केला की तोच ताण दीडशेच्या वर जातो. आणखी आडवा केला तर झाड, पट्टा, कडी, शिवण सगळ्यांची परीक्षा. शिवाय इतक्या ताणलेल्या हॅमॉकात झोप येत नाही, दोन्ही कडा खांद्यांना आवळतात. पाण्यासाठी कोन बदलू नका.

---

चट्टाहूची

अटलांटाहून. इथून अ‍ॅपलेशियन ट्रेलचं दक्षिण टोक, स्प्रिंगर पर्वत, गाडीने दोनेक तासांवर आहे. त्या वाटेवर हॅमॉकवाले भरपूर आणि पाऊसही भरपूर. आपल्या घाटासारखा एकदम नाही, पण दिवसभर चालू राहणारा.

नाडीचं सगळं पटलं. एक गोष्ट राहिली ती म्हणजे ताडपत्रीची स्वतःची दोरी. बरेच जण एका झाडापासून दुसऱ्या झाडापर्यंत एकच अखंड दोरी (रिजलाइन) बांधतात आणि ताडपत्री त्यावर टाकतात. म्हणजे दोरी ताडपत्रीच्या खालून जाते. झाडावरचं पाणी त्या दोरीवरूनही आत येतं, आणि ती दोरी बरोबर तुमच्या पोटावर असते. दोरी जरा सैल पडली की मध्ये सगळ्यात खाली येते आणि तिथून टप टप. माणूस समजतो ताडपत्री गळतेय.

यावर दोन उपाय. एक, दोरी ताडपत्रीच्या वरून न्या आणि दोन्ही टोकांना प्रुसिकने (ताण आला की दोरीवर आवळून बसणारी गाठ) ताडपत्री तिला जोडा. दुसरा, अखंड दोरी नकोच, दोन टोकांना दोन वेगळ्या दोऱ्या. खालूनच न्यायची असेल तर तिलाही ताडपत्रीच्या कडेच्या लगेच आत दोन्हीकडे नाडी.

मी स्वतः पट्ट्याऐवजी पुढचा भाग डायनीमाच्या (एक फार मजबूत कृत्रिम धागा) वेणीच्या दोरीचा वापरतो. तो धागा पाणी अजिबात शोषत नाही, पाण्यावर तरंगतो. तरी वेणीच्या पिळांमधून पाणी येतंच. न शोषणारी दोरी म्हणजे कोरडी दोरी नव्हे.

---

घाटमाथा

@चट्टाहूची, माझी रिजलाइन अखंड आहे आणि खालूनच आहे. पोटावर थेंब नव्हते, पण वरून घेतो आता.

---

शंकेखोर

पावसात, रात्री, झाडाला लटकून झोपायचं कशासाठी हा प्रश्न कोणालाच पडला नाही?

---

जळूवाली

जमिनीवर तंबू लावला की खालून पाणी, आणि जळवा आत. हॅमॉकात जळवा निदान कमी. एकदा घाटात जुलैत तंबूत झोपा, मग तुम्हीही झाड शोधाल.

---

ऐनाची_साल

शंकेखोर यांचा प्रश्न अगदीच टाकाऊ नाही. पावसाळ्यात झाड निवडताना वर बघा. वाळकी फांदी, पोखरलेला बुंधा, मुळाशी माती धुतलेली असेल तर दुसरं झाड बघा. किनाऱ्यावरच्या सुरूच्या बनात पर्यटक हॅमॉक लावतात. ३ जून २०२० ला निसर्ग वादळात श्रीवर्धन-दिवेआगर भागात सुरू, सुपारी, नारळ कसे आडवे झाले ते ज्यांनी बघितलं ते वाऱ्यात तिथे झोपणार नाहीत. सावर आणि पांगारा काट्यांमुळे तसेही नको. विजा चमकायला लागल्या तर उठून घरात जा. आणि अभयारण्यात, राखीव जंगलात परवानगीशिवाय रात्र काढू नका. खासगी बाग, ओळखीचं शेत, हेच बरं.

पट्टा किमान इंचभर रुंद असावा, बारीक दोरी सालीत रुतते. पावसाळ्यात ओली साल लवकर सोलवटते.

---

खोपोलीकर

मेणाचं मागे घेतलं. पण झाडावरच पाणी वळवता येणार नाही का? पट्ट्याच्या वर बुंध्याला तिरकी सुतळी गुंडाळून तिचं टोक बाजूला सोडलं तर?

---

ऐनाची_साल

गुळगुळीत सालीवर थोडा फायदा होईल. नाणा, निलगिरी, पेरू अशांवर. ऐनाच्या भेगांतून पाणी सुतळीच्या खालून निघून जाईल. मोजणारे लोक पन्हळ आणि साल यांमधली फट नीट बुजवतात ती याचसाठी. तुम्ही झोपायला गेला आहात, तेवढा खटाटोप कशाला? नाडी पुरे.

---

घाटमाथा

मंडळी, ऑगस्टात त्याच बागेत, त्याच दोन झाडांना टांगून आलो. पाऊस जुलैइतकाच. दोन्हीकडे दोन दोन नाड्या, आधी भिजवून पिळलेल्या. रिजलाइन ताडपत्रीच्या वरून.

डोक्याकडे एकदम कोरडं. पहाटे टॉर्च लावून बघितलं तर पहिल्या नाडीतून करंगळीएवढी नव्हे, पण चांगली सलग धार, खाली पाल्यात खड्डा पडलेला. दुसरीतून अधूनमधून थेंब. चुण्यांचा गठ्ठा हाताला सुका.

पायाकडे मात्र थोडी ओल होती. पाणी साचलं नाही, पण कापड दमट. नाड्या तशाच बांधल्या होत्या. वारा रात्री फिरला आणि नैऋत्येऐवजी जरा पश्चिमेकडून, पायाच्या बाजूने येत होता.

---

जळूवाली

पायाकडच्या पहिल्या नाडीपासून ताडपत्रीची कड किती लांब होती?

---

घाटमाथा

चार बोटं. तुम्ही सांगितलं तसंच.

---

जळूवाली

वारा टोकाकडून असेल तर चार बोटं कमी. पाऊस ताडपत्रीखाली तिरका फूटभर आत येतो, मग तुमची नाडी छताखाली असून उघड्यावर. त्या बाजूला नाडी फूटभर आत घ्या, तुमच्याकडे जागा आहे. आणि ताडपत्रीचं ते टोक दोन फूट खाली आणा किंवा दोन्ही कोपरे एकमेकांकडे ओढून दार केल्यासारखं बंद करा. घाटात टांगताना लांब बाजू वाऱ्याला द्यायची, टोक नाही, हे खरं. पण झाडं आपल्या सोयीने उगवत नाहीत.

ताडपत्रीच्या ताणाच्या दोऱ्यांना सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा मध्ये बांधा. वाऱ्याच्या झटक्याला ती लवते आणि ताडपत्री सैल पडत नाही. सैल पडली की टोक फडफडतं आणि पाणी आत फेकतं.

---

लोखंडी_कडी

मी शेपूट खोचून बघितलं. आलं पाणी. जळूवाली, जिंकलात.

---

सरळमार्गी

नवीन पट्टे घ्यायचेत. ऑनलाइन फार महाग. काही देशी उपाय?

---

लोखंडी_कडी

क्रेनला माल उचलायला वापरतात ते पॉलिस्टरचे लिफ्टिंग बेल्ट. दोन्ही टोकांना शिवलेले फास असतात. रंगावरून क्षमता कळते, जांभळा १ टन, हिरवा २ टन. आपल्याला जांभळा डोळे मिटून पुरतो. पुण्यात बोहरी आळीत विचारा. थोडा जड असतो एवढंच. नायलॉनचा पट्टा घेऊ नका, ओला झाला की ताणतो आणि पहाटे पाठ जमिनीला टेकते.

---

सुतळीबॉम्ब

आणि लिफ्टिंग बेल्ट जाड असतो, त्याच्या पोटात पाणी जास्त मावतं. त्याला नाडी तीन वेढ्यांची, रुंद.

---

मीनाक्षी_कर्वेनगर

हा धागा वाचून भावाने नाडी मागितली. दुकानात गेले तर दुकानदार म्हणतो सुतीच आहे, पण हाताला गुळगुळीत लागते. ओळखायचं कसं?

---

सुतळीबॉम्ब

टोक जाळून बघा. सुती असेल तर कागद जळल्याचा वास येतो आणि राख चिमटीत चुरते. पॉलिस्टर वितळतं, काळी कडक गोळी होते. हल्ली मिश्र धाग्याच्याही येतात, त्यात राख आणि गोळी दोन्ही. ती नको. दुकानात जाळू नका, एक हात लांबीची विकत घ्या आणि घरी जाळा. आणि बांधण्याआधी खळ काढायला गरम पाण्यात धुवा, तेवढं भावाला सांगा.